वीतभर उंच नळी

माझ्या चुलतभावानं जीपला नळी बसवली आणि त्या दिवसापासून मला घरचं जेवण गोड लागेना. लपवायचं कशाला? पोटात दुखत होतं. ओवा खाऊन जाणारं ते दुखणं नव्हतं.

नळी म्हणजे काय, ते आधी सांगतो. उजव्या मडगार्डातून बाहेर निघून काचेच्या कडेनं थेट टपापर्यंत गेलेली, काळी कुळकुळीत, वर गेल्यावर तोंड पुढं वळवलेलं. एरवी जीपचं इंजिन बॉनेटच्या आतली हवा ओढतं. ही नळी लावली की टपावरची ओढतं. मग रस्त्यावर बॉनेटपर्यंत पाणी आलं तरी ते इंजिनाच्या नाकातोंडात जात नाही, आणि उसाच्या फडाकडं जाताना उडणारा फुफाटाही बराचसा खालीच राहतो. तो तिला स्नॉर्कल म्हणायचा. पुण्याहून मागवली होती. गल्लीतली माणसं नुसती बघायला म्हणून यायची आणि वर बघत बघत जीपभोवती फेऱ्या मारायची.

आता मला सांगा, नळीची गरज कुणाला होती? हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंजिनियर. सहा दिवस पंख्याखाली बसायचं आणि रविवारी दोस्तमंडळींबरोबर गगनबावड्याकडं जाऊन जीप ओढ्यात घालायची. परत आल्यावर चिखल धुवायचा नाही, आठवडाभर तसाच मिरवायचा. मी मात्र रोज नदीकाठच्या गावांतून ओला चारा आणत होतो. आमच्या गोठ्यातल्या म्हशींचं पोट माझ्या जीपवर. पावसाळ्यात बंधाऱ्यावर पाणी आलं की मी अलीकडच्या काठाला जीप लावून पाणी उतरायची वाट बघत बसायचो. पाण्यापायी अडून बसायचो मी आणि नळी त्याला! तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय होईल?

पण खरं सांगायचं तर आग नळीची नव्हतीच. हा चुलतभाऊ माझ्या धाकट्या काकांचा. काका-काकू लवकर गेले. त्याला आमच्या घरी आणला तेव्हा तो भिंतीला धरून उभा राहत होता. माझ्या वडिलांना मी आबा म्हणायचो, म्हणून तोही आबाच म्हणायला लागला. तिथून माझ्या वाट्याचे अर्धे आबा त्याला गेले. अर्धे म्हणजे माझ्या हिशेबानं. घरात कुणाला विचाराल तर आई म्हणायची, "काय तरीच बडबडतोस बघ." पण मी बघत होतो की. तो घरी आला की आबा खुर्चीतून पुढं सरकून बसायचे. मी आलो की विचारायचे, "चारा आणलास?"

त्यानं नळी बसवून आणली त्या दिवशी आबा काठी टेकत अंगणात गेले. खालपासून वरपर्यंत त्यांनी तिच्यावरनं हात फिरवला, म्हशीच्या पाठीवरनं फिरवावा तसा. "नाद खुळा हाय की रं हे," म्हणाले. मी दारात भारा धरून उभा होतो. माझी जीप बारा वर्षं त्याच अंगणात उभी होती. तिच्यावर आबांचा हात कधी पडला असेल तर तो उतरताना तोल सावरायला.

आमचा धंदा दुधाचा. संध्याकाळी म्हशी गंगावेशीतल्या कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं, त्याच्यासमोर धार काढायची आणि फेसासकट त्याच्या हातात द्यायची. त्यात एक म्हैस आबांची लाडकी. तिला ते नुसतं 'बाई' म्हणायचे. दिवाळी पाडव्याला आमच्याकडं म्हशींची मिरवणूक निघते, ती काही संथ चालत नाही. मालक मोटरसायकलवर पुढं सुसाट आणि त्याची सजवलेली म्हैस त्याच्या मागं पळते. दोरी नाही, काठी नाही. म्हैस आपल्या माणसाच्या मागं पळाली तर मालकाची कॉलर ताठ, नाही पळाली तर वर्षभर तालमीत तोंड दाखवायची सोय नाही. आबांनी बाईला वर्षानुवर्षं पळवलं होतं. लोक गाडीचा सायलेन्सर काढून आवाज काढायचे. आबा म्हणायचे, "म्हशीला कान असत्यात. तिला आवाज मोठा नको, आपला पायजे."

त्या वर्षी आबा गोठ्यात घसरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. मोटरसायकलवर टांग टाकणं संपलं. दसरा झाल्यावर एकदा जेवताना ते म्हणाले, "यंदा बाईला जीपच्या मागं पळवायची. मी मागल्या बाजूला तोंड करून बसतो. पुढचं मला न्हाई बघायचं. मला ती पळताना बघायची हाय. इतकी वर्षं मी पुढं अन् ती मागं. कधी बघितलीच न्हाई."

जीप कुणाची, ते बोलले नाहीत. माझा घास तोंडात तसाच राहिला.

बोलला तो. "आबा, माझी जीप नको. बाई दादाच्या जीपचा आवाज ओळखती. त्याच्याच मागं पळंल."

आणि ते खरं होतं. माझी जीप मिलिटरीच्या लिलावातली, तिला पुढं डिझेल इंजिन बसवलेलं, आवाज म्हणाल तर जात्यात खडे टाकल्यासारखा. पण संध्याकाळी चारा घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी आलो की गोठ्यातून बाई रेकायची. ती रेकली की आई चहाचं आधण ठेवायची. घरात शिरेपर्यंत चहा तयार. सगळ्या जगात ही एक गोष्ट माझी होती आणि त्याची नव्हती. आणि तीसुद्धा त्यानंच उचलून माझ्या ताटात वाढली! दानधर्म केल्यासारखी! आबा म्हणाले, "हे शहाणं बोललास बघ." शाबासकी कुणाला? त्याला. जीप माझी, आवाज माझा, ओळख माझी आणि शहाणा तो.

मी हात धुतले आणि ठरवलं, आबा बसतील तर माझ्या जीपची ऐट बघून बसतील. त्यानं शिफारस केली म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात गेलो. तिथं सायलेन्सर वाकवणारा एक मिस्त्री होता, गप्पिष्ट, तंबाखूचा बार भरल्याशिवाय कामाला हात न लावणारा. म्हणाला, "तुमच्या भावाची बघितली हाय मी. तसलीच करू?"

"तसली न्हाई. त्याच्यापेक्षा वीतभर उंच."

"वीत कुणाची, तुमची का माझी?"

मी त्याचा पंजा बघितला. मोठा होता. "तुमची," म्हणालो.

पाडवा तोंडावर आला तेव्हा कुठं त्याचा हात लागला. मडगार्डाला भोक पाडताना पत्र्याची अशी किंकाळी उठली की शेजारचा लेथवालाही थांबला. मला काही वाटलं नाही. मिस्त्रीनं लोखंडी पाईप वाकवून वर नेला, काचेच्या चौकटीला दोन पट्ट्यांनी आवळला, आत बॉनेटखाली रबरी नळीनं एअर क्लीनरला जोडला आणि जोडावर क्लिप बसवली. एवढ्यावर मी थांबणार होतो होय? भावाच्या नळीला नव्हतं असं काहीतरी मला पाहिजे होतं. ट्रॅक्टरच्या नळीवर डोक्याला पारदर्शक वाटी असते, ती मी आणली होती. तिच्यात तिरकी पाती आणि मधे फिरणारी एक चकती. हवा आत शिरली की गरगर फिरते, धूळ कडेला फेकली जाऊन वाटीत साठते आणि स्वच्छ हवा तेवढी खाली जाते. वाटी काढायची, झटकायची, परत लावायची. मिस्त्रीनं ती नळीच्या डोक्यावर बसवली. मुकुटच चढला.

"पण पावणं," मिस्त्री म्हणाला, "ह्यानं तुमचा उजवा आरसा झाकलाय. नळी थोडी पुढं घेऊ? पण मग मडगार्डाच्या उतारावर येती, तेवढी उंच न्हाई दिसायची."

"ऱ्हाऊ दे हाय तशी," मी म्हणालो. "मागं बघायचंय कुणाला?"

मग त्यानं इंजिन चालू करायला लावलं आणि शिडीवर चढून, वाटी काढून नळीच्या तोंडावर तळहात दाबून धरला. इंजिन कोंडलं, धडपडलं आणि बंद पडलं. "झकास," तो म्हणाला. "कुठनंच हवा चोरत न्हाई. आता जी काय घेणार ती वरनंच." वाटी परत बसवून चालू केलं तर माझ्या कानाशी नवीनच आवाज आला. वाटीतली चकती फिरायला लागली होती. ॲक्सिलेटर दाबला की शीळ घातल्यासारखी वाजायची, आणि खालची ती जात्यातली खरखर पार दबून गेली होती. विमान चालवल्यासारखं वाटलं मला. राजारामपुरीत उगाचच दोन गल्ल्या फिरून आलो. माणसं माना वर करून बघत होती, आणि मी बघितलंच नाही असं दाखवत होतो.

घरी आलो, अंगणात जीप लावली, आत गेलो. चहा नव्हता.

"आधण ठेवलं न्हाई?" मी आईला विचारलं.

"तू आलास कधी? बाई कुठं रेकली?" आई बाहेर येऊन नळीकडं बघत राहिली. "हे रं काय? जीपला धुराडं कशाला?"

मी गोठ्यात डोकावलो. सकाळीच बाईच्या पाठीवरचे केस कापून नक्षी काढली होती. तोंड भिंतीकडं करून उभी होती. मला वाटलं, कात्री लावली म्हणून रुसली असेल.

भाऊ कामावरून उशिरा आला. जीप बंदच उभी होती. त्यानं नळीभोवती एक फेरी मारली, वाटीवर टिचकी मारली. "दादा, भारी झालंय की! वर वाटी पण? माझ्याला न्हाई हे." झालं! मला हवं होतं ते एवढंच. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आबांनी मात्र नळीला हात लावला नाही. काठीनं टायर ठोकून बघितलं. "बघू पाडव्याला," म्हणाले.

पाडव्याला सागरमाळावर पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी वाजत होती. शिंगं रंगवलेल्या, गोंडे लावलेल्या, गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेल्या म्हशी एकामागून एक आपापल्या मालकाच्या गाडीमागं सुटत होत्या आणि माणसं दोन्ही कडांना सरकून रस्ता करून देत होती. आमची पाळी आली. आबा फेटा बांधून जीपच्या मागच्या फळीवर उलट्या तोंडानं बसले. भावानं बाईला धरलं होतं. मी स्टिअरिंगवर.

"सोड तिला," आबा म्हणाले.

भावानं दावं सोडलं. मी इंजिन चालू केलं. शीळ वाजली. मी जीप पुढं काढली आणि कान मागं लावले. घुंगरांचा आवाज नाही. अजून जरा पुढं गेलो. नाहीच. थांबून मान बाहेर काढून बघितलं तर बाई होती तिथंच उभी. मान वर केलेली, कान पुढं, आणि डोळे गर्दीत काहीतरी शोधत होते.

"ये बाई!" आबांनी हाक मारली. ती दोन पावलं आली. मी घाईनं ॲक्सिलेटर दाबला, चकती किंचाळली आणि बाई उलटी फिरली. लोक हसले.

"म्हैस हाय का पुतळा, पावणं?"

"नळी बसवलीया, गाडी कुकर झालीया! शिट्टी मारालीया नुसती!"

तिला झालंय काय, हे मला कळत नव्हतं. दिसत होता तो फक्त मी. बारा वर्षांचा चारा, रोजची हाक, सगळ्यांच्या देखत मातीत. मी परत ॲक्सिलेटर दाबला. परत शीळ. बाई अजून मागं सरकली. आणि मग आबा बोलले ते मला स्पष्ट ऐकू आलं. माझ्याशी नव्हते बोलले. भावाला म्हणाले, "तुझी जीप कुठं लावलीयास? घिऊन ये."

बास. संपलं सगळं, असं मला वाटलं. तो जीप आणणार, आबा माझ्या जीपमधून उतरणार आणि त्याच्या जीपमध्ये चढणार, सगळ्या कोल्हापूरसमोर.

तो जागचा हलला नाही. कान देऊन माझ्या इंजिनाचा आवाज ऐकत होता. मग धावत पुढं आला आणि बॉनेट वर केलं. "दादा, पान्हा दे."

मी दिला नाही. माझे हात स्टिअरिंगवरून सुटतच नव्हते. त्यानं माझ्याकडं बघितलं, खिशातून एक नाणं काढलं आणि क्लिपच्या खाचेत घालून फिरवलं. रबरी नळी ओढून एअर क्लीनरवरनं उपसून काढली. तेवढ्यानं इंजिन परत बॉनेटखालची हवा ओढायला लागलं. वरची चकती गप्प झाली. शीळ थांबली आणि माझ्या जीपची ती जुनी, घाणेरडी, खडे दळल्यासारखी खरखर सागरमाळावर पसरली.

मागून बाई रेकली.

"चल दादा, काढ!" असं म्हणत त्यानं बॉनेट आपटलं आणि मागं पळाला. मी जीप काढली.

आणि ती पळाली. घुंगरं वाजत होती, खुरांचा दणदणाट माझ्या सीटखाली कळत होता. लोक ओरडत होते. मी मधल्या आरशात बघितलं तर आबांची पाठ आणि फेटा, दुसरं काही नाही. डावीकडं आरसा नव्हताच, उजव्या आरशात बघितलं तर नळी. माझी नळी. मिस्त्रीच्या हाताची वीतभर उंच, मुकुट घातलेली, आणि तिच्या मागं झाकलेला आरसा. मान वळवायची सोय नव्हती, समोर माणसं आणि पोरंबाळं. मी रस्ता बघत राहिलो. मागं आबा हसत होते. आबांना असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. "बघ की रं! बघ, कशी पळालीया! बघ!" ते ओरडत होते, आणि बाईच्या बरोबरीनं धावणारा तो धापा टाकत म्हणत होता, "बघालोय आबा! बघालोय!"

माळ संपला तिथं मी थांबलो. भावानं आबांना खाली उतरवलं. ते काठी टेकत पुढं माझ्यापाशी आले. डोळे पुसले नव्हते त्यांनी, तसेच वाहत होते. गरम बॉनेटवर त्यांनी हात ठेवला आणि ठेवूनच बोलले.

"लई ग्वाड पळाली. बघितलीस न्हवं?"

"व्हय आबा," मी म्हणालो. "बघितली."

बॉनेट उघडून ती क्लिप मी घरी येऊन परत आवळली. चकती तेवढी काढून टाकली. पुढच्या पावसाळ्यात बंधाऱ्यावरच्या पाण्यातून जीप शीळ न घालता पार झाली आणि बाई गल्लीच्या तोंडापासून रेकत राहिली. आबांना त्यानंतर पाडव्याला माळावर जायला झालं नाही. पुढं आबा गेले, बाईही गेली. नळी आहे अजून, गंजलीय थोडी.

दर दिवाळीला भाऊ घरी येतो. जेवण झालं की पोरं त्याच्याभोवती बसतात आणि तो त्या पाडव्याची गोष्ट सांगतो. बाईची मान कशी जमिनीला समांतर झाली होती, शिंगावरचं मोरपीस कुठं गळून पडलं, आबा फळीला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं तिला कसे बोलवत होते, आणि त्यांचं तोंड कसं दिसत होतं. सांगताना तो पोरांकडं बघत नाही, माझ्याकडं बघतो. मी बघितलेलं नाही हे त्याला त्या दिवसापासून ठाऊक आहे. कुणाजवळ बोलला मात्र नाही. याचाही मला राग येतो. ते सगळं त्याच्याजवळ आहे आणि माझ्याजवळ नाही, म्हणून आजही मी जळतो. पण तो सांगायचा थांबला की सगळ्यांच्या आधी मीच विचारतो, "मग? आबा काय म्हणाले?"